कोरडं फडकं

बिसरामभाऊ उद्या दवाखान्यातून नवी नजर घेऊन घरी येणार होते, आणि सुमित्राबाईंचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या एखाद्या घरी अशा वेळी गोडाधोडाची तयारी चालते. इथे बाई सकाळपासून अंगणातल्या जुन्या लाल मारुतीभोवती येरझाऱ्या घालत होत्या.

बिसरामभाऊ एसटीचे ड्रायव्हर. उभी हयात देवरीच्या गाडीवर काढली आणि निवृत्त होताच ही मारुती घेतली. घर आमगावात, राइस मिलच्या अगदी मागे. मिलच्या भट्टीत धानाचा भुसा जळतो आणि त्याची राख अख्ख्या वस्तीवर बसते. रोज सकाळी भाऊ कोरडं फडकं घेऊन गाडीवरची राख मन लावून पुसत. पुढे मोतीबिंदूनं दोन्ही डोळे झाकोळले, गाडी चालवणं सुटलं, पुसणं मात्र सुटलं नाही. पुसून झालं की ते अंगणातून विचारत, "चमकून राहिली का वो?" आणि सुमित्राबाई स्वयंपाकघरातूनच म्हणत, "चमकून राहिली जी!"

कसली चमकते! टप आणि बोनेट उन्हात विसरलेल्या मिरचीसारखं पांढुरकं पडलं होतं. पण आंधळ्या होत चाललेल्या माणसाला हे सांगून कोणाचं भलं होणार होतं? बाईंनी झाकली मूठ झाकलेली ठेवली. आता मुलगा दुर्गेश वडिलांना ऑपरेशनला गोंदियाला घेऊन गेला होता, आणि उद्या त्याच नव्या नजरेनं भाऊ गाडी बघणार होते. बाईंचं सगळं पितळ उघडं पडणार होतं.

म्हणून त्यांनी हिमांशूला घरी बोलावलं होतं. घराजवळच्या रस्त्यावरच त्याचं गाड्या रंगवायचं आणि पॉलिश करायचं दुकान होतं. त्यानं गाडी साबणानं धुतली, चिकट गोळा फिरवून रुतलेली राख ओढून काढली आणि मग मशीन लावलं. मशीनचा पांढरा स्पंज बघता बघता लालभडक झाला.

"अरे, सारा रंग काढून टाकतोस का काय?"

"मेलेला रंग निघून राहिला, मावशी. बसा ना तुम्ही जराशा."

बसतील तर त्या सुमित्राबाई कसल्या! त्यांनी त्याला चहा दिला आणि चहा प्यायला उशीर लावतो म्हणून त्यालाच दटावलं. दुपार कलली तसा बोनेटवर अंगणातल्या जांभळाची फांदीन् फांदी दिसेल असा तजेला आला. हिमांशूनं वरून मेणाचा हात दिला आणि विचारलं, "कोरडी कोण पुसते ही?"

"कायले?"

"ही राख रेतीवानी रायते. कोरडी घासली का रंग खरडते. पहिले पाणी मारा, मंग ओल्या कपड्यानं पुसा. रंग लय पातळ झाला, मावशी. आता मशीन लावता येनार नाही. अजून खरडला तर सीधा पत्रा दिसन."

बाई पायरीवर बसल्या. इतकी वर्षं त्या मिलला शिव्या घालत होत्या, आणि रंग खाल्ला होता घरधन्याच्या हातानं! पोटच्या लेकरासारखी माया केली त्या गाडीवर. आता कोणत्या तोंडानं सांगायचं त्यांना? आणि न सांगावं तर हा तजेला महिनाभरही टिकायचा नाही. शेवटी त्यांनी घरातली सगळी फडकी गोळा केली आणि कोठीमागे दडवली.

दुसऱ्या दिवशी भाऊ काळा चष्मा लावून आले. गाडीसमोर उभे राहिले, बराच वेळ पाहिलं, "हं" म्हणाले आणि आत गेले. हे "हं" म्हणजे काय समजायचं? रात्रभर सुमित्राबाई कूस बदलत राहिल्या.

सकाळी पाहतात तर भाऊ अंगणात, गळ्यातला दुपट्टा काढून बोनेटकडे हात नेतायत. हातातला झारा तसाच घेऊन बाई धावल्या आणि त्यांनी भाऊंचं मनगट धरलं.

"थांबा जी! कोरडं नोका पुसू!" आणि मग धरण फुटावं तसं सगळं बाहेर आलं. पांढुरका टप, रोजचं खोटं, हिमांशू, राख. शेवटी रडू आवरत त्या म्हणाल्या, "रंग तुमच्याच हातानं गेला जी. मी सांगतलं नाही."

भाऊंनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला.

"मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"डोळे गेलते, बोटं नाही गेली. टपावर हात फिरवला का पिठावानी लागे. गाडी कवाचीच मेलती."

बाई रडायच्या थांबल्या. आता त्यांना रागच आला. "मंग रोज काऊन पुसत होते? काऊन विचारत होते मले?"

भाऊंनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं, तरी काढला आणि बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"दिवसभरात तू माह्याशी तेवढंच बोलत होतीस वो," ते म्हणाले.

सुमित्राबाई आत गेल्या, बादली भरून आणली आणि एक फडकं पाण्यात बुडवून त्यांच्या हातात दिलं.

"पहिले पाणी मारा," त्या म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. गॅसवर भाजी लागल्याचा वास अंगणात येत होता, तरी त्या पायरीवरून उठल्या नाहीत.