व्यक्ती घ

शून्य हाताने गोल येत नाही. त्याला वाटी लागते.

दुर्गहून गोंदियाकडे जाणारी गाडी त्या दिवशी चाळीस मिनिटं उशिरा होती.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, लावलेली तूर कोणी पिकात धरत नाही.

काळा चष्मा. मागे दोरी. उजव्या काचेखाली पांढरी पट्टी.

खेकडा धुऱ्यात भोक पाडतो ते बोटाएवढं असतं. उजाडेपर्यंत त्यातून धानाच्या अख्ख्या बांधीतलं पाणी निघून जातं.

चौतीस.

"मी का करतो बाई, बसून खातो."

आता हे सगळं ओळीने लावून सांगायचं, तर दीक्षा कापगतेपासून सुरुवात करायला हवी. दीक्षा बारावीला, कॉमर्सला. शाळा भिलाईच्या एका सेक्टरमधली, क्वार्टरपासून सायकलने सात मिनिटं. बाप प्रफुल्ल प्लांटात क्रेन चालवायचा, आई वंदना घरी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि अर्थशास्त्र म्हटलं की अर्धं इंग्रजी. पोरीला त्या विषयाचं खरंच वेड होतं. चौकात बारा ई-रिक्षा रिकाम्या उभ्या असतात तरी भाडं दहाचं आठ का होत नाही, हा प्रश्न तिने जेवताना विचारला होता आणि बापाने "मले का विचारतं, त्याईले विचार" म्हणून भाजी वाढून घेतली होती. ती दुसऱ्या दिवशी खरंच विचारायला गेली. तिला दिल्लीला इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं होतं. शाळेतल्या वसुंधरा मॅडम म्हणाल्या होत्या, रायपूरच्या राज्य प्रदर्शनात प्रोजेक्ट गेलं तर अर्जावर लिहायला काहीतरी होईल.

पुस्तकात एक धडा होता, छुप्या बेकारीचा. एका शेतावर चार माणसं राबताना दिसतात, काम मात्र तिघांचंच असतं. चौथा काढून घेतला तरी पीक घटत नाही. त्या चौथ्यामुळे वाढलेलं उत्पादन शून्य. धड्यातलं ते कोष्टक दीक्षाला फार आवडायचं. आकडे कमी कमी होत येतात आणि शेवटी शून्य येतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात गावाहून मोठेबाबा आला.

फकिरा कापगते, बापाचा मोठा भाऊ, चौसष्ट वर्षांचा. सडक-अर्जुनीकडे अडीच एकर धानाची शेती. घरात बायको मनकर्णा, मुलगा हर्षल, सून सुनिता. म्हणजे माणसं बरोबर चार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो भिलाईला आला होता आणि ऑपरेशनला दोन दिवस होते. दीक्षाला वाटलं, धडाच चालत घरी आला.

गॅलरीत तो सूप घेऊन तांदूळ निवडत बसला होता. तिने वही उघडली.

नाव. वय. शिक्षण: सातवी. जमीन. उत्पादन: चौतीस क्विंटल, औंदाचं.

काम:

"मोठेबाबा, तुमी खेत में कोणतं काम करता?"

"वावरात म्हण नं बाई." त्याने एक खडा बाजूला काढला. "मी का करतो, बसून खातो."

"सही में सांगा ना."

"सहीच तं सांगून राहिलो. हर्षल करते, सुनिता करते. तुई मोठीआई करते. मी बसून खातो."

"पण रोज किती घंटे?"

"खाले? खाले कायचे घंटे लागतेत?"

आतून वंदना हसली. दीक्षाही हसली, आणि हसता हसता तिने लिहिलं: काम, काही नाही.

मग तिने हर्षलला फोन लावला, कारण मॅडम म्हणाल्या होत्या की एकाच माणसाचं ऐकून लिहायचं नाही. हर्षल ट्रॅक्टरच्या आवाजातून ओरडून म्हणाला, "आमी का करतो दीक्षा, सब बाबाच पाहतेत. आमी तं सांगकामे." तिने हेही लिहिलं, त्याच पानावर, चार ओळी खाली.

त्यांच्याकडे अशीच रीत आहे. आपलं काम आपल्या तोंडाने सांगत नाहीत. बाप लेकाचं नाव घेतो, लेक बापाचं. सून म्हणते सासूने केलं, सासू म्हणते माझे तर हातच चालत नाहीत. ऐकणाऱ्याने सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि बेरीज मनात करायची. भिलाईत वाढलेल्या पोरीला ही रीत ठाऊक नव्हती, असं म्हणून तिला सोडून देता आलं असतं.

पण तिला ठाऊक होतं. तीन वर्षांआधी पोळ्याला ती गावी होती. पहाटे जाग आली तेव्हा मोठेबाबाची खाट रिकामी होती. ती शोधत वावरात गेली, तर तो गुडघाभर पाण्यात फावडं घेऊन धुऱ्याकडेने हळूहळू चालत होता, चालत कसला, पायाने चाचपडत होता. तिला पाहून त्याने जवळ बोलावलं. तिचा पाय धरून पाण्याखाली एका जागी ठेवला. "लागलं का?" तळव्याला काहीतरी बारीक ओढत होतं. पाणी. खेकड्याचं भोक होतं तिथे. मग त्याने चिखलाचा गोळा दाबून ते बुजवलं आणि पुढे निघाला. चार महिने रोज पहाटे.

ती ओढ तिच्या तळव्याला अजून आठवत होती. कोष्टक लिहितानाही आठवत होती.

कोष्टक असं झालं. क काम करतो तेव्हा चौदा क्विंटल. ख आल्यावर सव्वीस. ग आल्यावर चौतीस. घ आल्यावर

चौतीस.

यातला चौतीस तेवढा खरा होता. चौदा आणि सव्वीस तिने रविवारी दुपारी पंख्याखाली बसून तयार केले. घ च्या पुढे 'उम्र 64' लिहिलं, आणि त्यापुढे आईची आमटीची वाटी पालथी घालून लाल स्केचपेनने शून्य गिरवलं. चार्ट हिंदीत होता. अक्षर सुंदर होतं. हर्षलचं वाक्य त्यात नव्हतं.

"बढ़िया," वसुंधरा मॅडम म्हणाल्या. "बिल्कुल किताब जैसा."

रायपूरचं इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी आशा लावून बसणार नाही. रायपूरला ती गेली. शून्य घेऊनच गेली. तिथे एका बाईंनी विचारलं, यह शून्य फ़ील्ड से आया या किताब से? दीक्षाने पाठ केलेलं उत्तर दिलं, न अडखळता. तिसरा नंबर.

त्याआधी शाळेतलं प्रदर्शन होतं, बुधवारी. ऑपरेशनला पाच दिवस झाले होते.

मोठेबाबाला तिथे आणायचं कुणी ठरवलं, तर बापाने. "आपल्या वावराचा चार्ट होय दादा, तू पायजे," म्हणाला. खरं तर दादाला पाहता येणार नाही असंच सगळे धरून होते, पण पाहुण्याला घरात एकटं कसं ठेवायचं? बापाची सेकंड शिफ्ट होती. त्याने भावाला कोपराला धरून फाटकापर्यंत आणलं, दीक्षाच्या हवाली केलं आणि स्कूटर वळवली. चार्ट पाहायला तो आत आलाच नाही. दीक्षाला हायसं वाटलं. मग तिची नजर काळ्या चष्म्याकडे गेली आणि आणखी हायसं वाटलं. डोळे झाकलेला म्हातारा पाहून आपल्याला बरं वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं.

तो चार्टसमोर उभा राहिला. खांद्यावर धुतलेला दुपट्टा, पायात प्रफुल्लच्या जुन्या चपला.

"यात मी कोंता?"

"क," दीक्षा म्हणाली. "सगळ्यात पहिला."

"पहिला कावून?"

"मुखिया म्हणून."

"हं." त्याची मान सरळ चार्टकडे. "अन् हर्षल?"

"ख."

"बायका?"

"ग. दोघी मिळून."

"मंग घ कोण उरला?"

"तो... तो असाच आहे. उदाहरणासाठी."

"असते एखादा," मोठेबाबा म्हणाला.

तेवढ्यात रायपूरहून आलेले परीक्षक आले, मागे वसुंधरा मॅडम. मॅडमनी उत्साहाने सांगून टाकलं की सर्वे ह्याच बाबांच्या शेताचा आहे. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. "वाह. डेटा ख़ुद चलकर आया है." त्यांनी कोष्टक वाचलं, पेनाची मागची बाजू त्या लाल शून्यावर ठेवली आणि मोठेबाबाकडे वळले. आवाज थोडा मोठा केला, डोळ्याची पट्टी पाहून लोक करतात तसा.

"बाबा, एक बात बताइए. यह जो घ है, इसको खेत से हटा दें तो धान घटेगा?"

दीक्षाने मॅडमच्या सँडलकडे पाहिलं. एका पट्टीचं बक्कल सुटलं होतं. आता तो म्हणेल, कोण घ, आमच्याकडे असा कुणी नाही. म्हणू दे, तिला वाटलं. एकदा होऊन जाऊ दे.

मोठेबाबाने दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"नहीं घटेगा साब," तो म्हणाला. "घ तो बैठ के खाता है."

परीक्षक खळखळून हसले. मॅडम हसल्या. "प्राइमरी सोर्स," परीक्षक म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पहिला नंबर तिथेच ठरला, फक्त जाहीर पाच वाजता झाला.

ई-रिक्षात दोघं समोरासमोर बसले. सेक्टर एकामागून एक मागे पडत होते.

"पैला आला नं?"

"हो."

"मंग तोंड कावून पाडलं? पैल्या नंबरवालीनं पेढे आनाव."

तिने पेढे घेतले. घरी वंदनाने ते देवापुढे ठेवले. मोठेबाबाने एक खाल्ला आणि गॅलरीत जाऊन बसला. थोड्या वेळाने तिथून म्हणाला, "वरच्या टाकीतून पाणी सांडून राहिलं वंदना, कोनाले तरी सांगा." आवाजावरून ओळखलं असेल, दीक्षाला वाटलं.

शुक्रवारी तो निघाला. बाप ड्यूटीवर, म्हणून दीक्षाच त्याला घेऊन दुर्ग स्टेशनवर गेली. गाडी चाळीस मिनिटं उशिरा. बाकावर त्यांच्या मध्ये पिशवी, पिशवीत गावाकडच्यांसाठी फरसाण आणि डोळ्यांत टाकायचे थेंब. रायपूरला तिला सोमवारी जायचं होतं. चाळीस मिनिटांपैकी तीस तिने फुकट घालवली.

"मोठेबाबा. तो चार्ट."

"हाव?"

"त्यात मी तुमचं काम बराबर लिहिलं नाही."

"कोंतं काम?"

"पहाटे पाणी पाहता ते. भोकं बुजवता ते."

"ते काम थोडंच होय." त्याला खरंच नवल वाटलं. "रिकामा मानूस हिंडते धुऱ्यानं. काम तं पोट्टे करतेत."

"पण ते काम आहे. नाही बुजवलं तर पाणी जाईल. धान कमी होईल."

"होईन."

"मग?"

"मंग का?"

तिने वही आणली होती. काम, काही नाही, ही ओळ उघडून ती बसली होती आणि पेनाचं टोपण दातात होतं. त्याने एकदा, एकदाच म्हणावं, की होय, मी करतो. मग तिने खोडलं असतं. पण चौसष्ट वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते पुतणीच्या मार्कांसाठी कुठून निघणार? आणि तो म्हणाला नाही तरी तिला खोडता येत होतंच. पेन तिच्याच हातात होतं.

"मी बदलवून टाकू का?" तिने विचारलं.

त्याने विचार केला. बैल बदलायचा की नाही याचा करावा तसा.

"बदलवशीन तं रायपूरले घेतेत?"

"नाही घेणार. शून्य नाही तर मग ते प्रोजेक्टच नाही राहत."

"मंग राहू दे." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "लाल रंग चांगला उठून दिसते."

गाडी आली. समोर महिलांचा डबा थांबला. मोठेबाबा दोन पावलं सरकला, पुढच्या डब्याच्या दांड्याला हात घातला आणि चढला. खिडकीतून त्याने आपला रिवाज पाळला, म्हणजे जाताना लहानांच्या हातावर ठेवतात ते ठेवलं, दहाच्या दोन नोटा घडी करून. "शिकजो," म्हणाला. तिने त्या घेतल्या. घेतल्या हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

सोमवारी रायपूरच्या गाडीत चार्टची गुंडाळी तिच्या मांडीवर होती. चरोद्याच्या यार्डापाशी गाडी उगाच उभी राहिली. शेजारून मालगाडी जात होती, संपता संपेना. तिने गुंडाळीचं एक टोक उघडलं. चार बोटं कागद, त्यात उम्र 64, त्यापुढे वाटीएवढं लाल. मोठेबाबाला लाल रंग कुणी सांगितला होता? मग तिचे कान तापले, मग मान. मॅडमनी विचारलं, तबीयत ठीक है? ती हो म्हणाली. तिने चार्ट पुन्हा घट्ट गुंडाळला आणि त्याला दुसरं रबर लावलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फकिराने दोन वर्षांआधीच गोंदियात करून घेतलं होतं.