नव्या ऑफिसचं गाऱ्हाणं

बाबलीने दुसरा स्क्रू पिळला तेव्हा सारिकाने पाटीवरचं नाव वाचलं. पितळेची नवीकोरी पाटी, शाखाप्रमुखाच्या केबिनचं दार, आणि नाव तिच्या हाताखालच्या देवेशचं.

नव्या ऑफिसच्या उद्घाटनासाठी आणलेला झेंडूचा हार तिने तसाच खुर्चीवर टाकला.

"बाबलीकाका, ही पाटी कोणी दिली?"

"मोठ्या सायबांच्या गाडयेतसून इली." बाबलीने मान वर केली नाही. "दारार लाव म्हणाले. मिया काय करू, बाय?"

ऑफिसचा हा म्हातारा शिपाई तिच्याशी कधी खाली बघून बोलत नसे. आज बोलला, तेव्हा तिला कळलं की कणकवलीच्या या अख्ख्या ऑफिसात ही गोष्ट तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती.

जुने शाखाप्रमुख निवृत्त झाल्यापासून शाखेचा गाडा तीच ओढत होती. देवगडच्या आंबेवाल्यांपासून दोडामार्गच्या काजू कारखान्यांपर्यंत सगळ्यांची ऑडिटं तिच्या हाताखालून जायची. सुरुवातीला क्लायंट दारातून डोकावून विचारायचे, "सायब खंय आसत?" ती म्हणायची, "मीच सीए. या, बसा." ते हसायचे, बसायचे, आणि चहा संपला की पुन्हा विचारायचे, "मगे सायब कधी येतले?" आता कोणी विचारत नव्हतं. आता ते फाइल घेऊन सरळ तिच्याच टेबलाशी येत. हे काही मुंबईच्या हेड ऑफिसने आणून दिलेलं नव्हतं, तिने खस्ता खाऊन मिळवलेलं होतं. देवेश गेल्या वर्षी मुंबईहून आला आणि तिच्याच हाताखाली शिकला. मुलगा वाईट नव्हता. तोच तर वैताग, धड त्याच्यावर चिडताही येईना.

समोरच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स लागला होता. 'समावेश वर्ष: सगळ्यांना सोबत, सगळ्यांना स्थान.' खाली सारिकाचाच हसरा फोटो.

अनिश सर आले ते हसत, हात जोडत. फर्मचे हे नवे प्रमुख. आजोबा मालवणचे, जन्म दादरचा, आणि भाषणात दर दोन वाक्यांनंतर 'आपण मालवणी माणसं'. त्यांच्यामागे हेड ऑफिसची अक्षया मोबाइल उंच धरून सगळं टिपत होती. सारिका थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, नव्या ऑफिसात केबिन माझी."

"अगं, मी बोलणारच होतो तुझ्याशी." त्यांनी आवाज खाली आणला. "क्लायंट मंडळी अजून जुन्या वळणाची आहेत. दारावर पुरुषाचं नाव असलं की त्यांना बरं वाटतं. काम काय, तूच बघणार आहेस. आणि तुला याहून मोठं दिलंय. समावेश समितीची अध्यक्ष!"

"तिथे काय करायचं असतं?"

"सगळ्यांना सामावून घ्यायचं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला विचारायचं होतं, नकाशात बायकांचं स्वच्छतागृह होतं ना, तिथे फायलींचे रॅक कोणी सामावून घेतले? सामान इथे हलवल्यापासून बायका शेजारच्या दातांच्या दवाखान्यात चावी मागायला जातात, तिथल्या कंपाउंडरने कपाळाला आठ्या घातल्या की दिवसभर पाणी पीत नाहीत, ते तुमच्या फ्लेक्सवर कुठे लिहू? पण सर पुढे गेले होते. देवगडच्या एका बागायतदाराच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी फोटो काढून घेतला.

केबिनच्या उंबऱ्याशी पाट मांडला होता. पाटावर नारळ, विडा, अगरबत्ती. क्लायंट आणि स्टाफ मिळून खोली गच्च भरली होती. बाबलीने डोक्यावर टोपी घातली आणि पुढे झाला. गाऱ्हाणं दरवर्षी तोच घालायचा. एकाने देवाकडे मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत त्यात आपला शब्द मिळवायचा. गावात त्याच्या घराण्याकडे तो मान होता, आणि ऑफिसात त्याच्याकडे एवढा एकच मान होता.

"थांब, थांब!" अनिश सरांनी हात वर केला. "आजवर गाऱ्हाणं पुरुषांनीच घातलं. आज आपल्या फर्ममध्ये ते एक स्त्री घालेल. हाच खरा समावेश! सारिका, ये. अक्षया, मला आणि हिला एकत्र घे."

बाबलीची टोपी डोक्यावरून हातात आली.

सारिकाने बाबलीकडे पाहिलं, मग अनिश सरांकडे. एका झटक्यात या माणसाने दोघांचाही मान काढून घेतला होता, आणि वर टाळ्याही मागत होता. तिला पाट उधळून खाली महामार्गावर निघून जावंसं वाटलं. बाबली जवळ आला आणि पुटपुटला,

"घाल गो बाय. देवाक बायल काय नि बापयो काय. पण घालतलंस तर खरा घाल."

ती पाटासमोर उभी राहिली. अनिश सर शेजारी आले, मोबाइलकडे तोंड केलं, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या म्हाराजा!" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुझ्या लेकरांनी आज नारळ-विडो ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"येणारो-जाणारो सुखान येवंदे, सुखान जावंदे. कामधंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज अनिश सरांचा. त्यांना ठेका सापडला होता.

"हयसर बायका दिवसभर काम करतत, आनी पाण्याचो घोट घेवक भियतत. तेंची जागा फायलींनी खाल्ली हा. ती तेंका परत दी रे म्हाराजा!"

स्टाफमधल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर गेला. सरांनी मोबाइलकडे बघत केस सारखे केले, आणि त्यांचंही 'व्हय म्हाराजा' त्यात मिसळलं.

सारिकाने जोडलेले हात आणखी वर उचलले.

"रांधलेला एकान, आनी ताट वाढला दुसऱ्याक, असा ह्या घरात झाला हा म्हाराजा! जेनी शाखा सांभाळली, तेच्याच हातात ती रवांदे. आनी ह्या दारार चुकान जा नाव लागला हा, ता आजच्या आज खाली उतरव रे म्हाराजा!"

खोली चिडीचूप झाली. बागायतदार आपल्या चपलांकडे बघू लागले. देवेशने मान वळवून स्वतःच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं. अगरबत्तीचा धूर तेवढा हलत होता.

आणि त्या शांततेत, मोबाइलकडे बघून हसत, हात जोडून, मघाच्याच ठेक्यात अनिश सर खणखणीत ओरडले,

"व्हय म्हाराजा!"

मोठ्या साहेबांनीच शब्द दिल्यावर बाकीचे कशाला थांबतात? "व्हय म्हाराजा!" इतक्या जोरात झालं की खालचा पानवाला वर बघायला लागला.

"मस्त!" सर म्हणाले. मग त्यांना लोकांचे चेहरे दिसले. मग दार दिसलं. त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

बाबलीने नारळाला नमस्कार केला, टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"बाबली, हे काय करतोस?"

"सायबानू, पयलो व्हय तुमीच म्हटलात."

"अरे, ते... ते गाऱ्हाणं होतं."

"व्हय. म्हणानच."

सरांनी क्लायंट मंडळींकडे पाहिलं. ज्यांना दारावर पुरुषाचं नाव असलं की बरं वाटतं असं ते म्हणाले होते, त्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. देवगडचे बागायतदार तर बाबलीला नीट दिसावं म्हणून उजेडातून बाजूला सरकले. पाटी निसटून पडू नये म्हणून देवेशने ती खालून हाताने धरली.

पहिला स्क्रू सुटला. सारिकाने तळहात पुढे केला आणि तो मुठीत घेतला. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

अक्षयाचा मोबाइल हळूहळू खाली येत होता.

"बंद करू नकोस," सारिका म्हणाली. "फायलींची खोली रिकामी करायची आहे अजून."