तेरावा खांब

फालेउता गावच्या आमच्या सभाघराला भिंती नाहीत, नुसते सतरा खांब आहेत. प्रत्येक पुढाऱ्याचा खांब ठरलेला, त्यालाच टेकून तो बसणार. सभा उघडताना गावच्या वक्त्याने खांद्यावर आपल्या पदाची चवरी टाकायची आणि सतराही मानाची नावं ओळीने घ्यायची. एक जरी गळलं तरी त्या घराण्याचा अपमान होतो. हे काम बारा वर्षं आमच्या ह्यांच्याकडे, फिलिपोंकडे होतं. मग हे नीरफणसाच्या झाडावरून डोक्यावर पडले.

आमच्या बेटांच्या राजधानीत, आपियाच्या इस्पितळात अकरा दिवस बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा मला ओळखलं, पण चमच्याला काय म्हणतात ते आठवेना. त्याला आता चौदा महिने झाले. चालतात, मासे साफ करतात, अळूच्या शेतात तासभर राबतात आणि मग डोळ्यांवर फडकं बांधून दुपारभर पडून राहतात. मोठा आवाज झाला की हातातला शब्द सांडतो, असं तेच म्हणतात.

मागच्या महिन्यात सांजप्रार्थनेचा शंख वाजला आणि हे रस्त्यात उभे राहून शंख फुंकणाऱ्यालाच शिव्या देऊ लागले. त्या वेळी रस्त्यावरून नुसतं चाललं तरी गावात एका डुकरिणीचा दंड होतो. ह्यांना झाला नाही. पहाऱ्यावरचा माणूस म्हणाला, "जाऊ द्या, आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी अळू सोलताना हे एकदम म्हणाले, "अगं, मला दंडसुद्धा करत नाहीत."

"बरंच की! आपली डुकरीण वाचली."

हे हसले नाहीत. "लहान मुलांना करत नाहीत. आणि मेलेल्यांना."



चौदा महिने चवरी ह्यांच्या चुलतभावाने, पेनितितोने सांभाळली होती. सभेचे प्रमुख सालेवाओ यांनी निरोप धाडला, की येत्या सोमवारी फिलिपोने सभा उघडावी. नाव चुकलं, तर चवरी कायमची पेनितितोची.

आम्ही रोज सकाळी रिकाम्या सभाघरात जाऊ लागलो. बसून नावं आठवेनात. पण खांबावर तळवा ठेवला की आठवत. गावात येणारी नर्स म्हणाली होती, "तोंडाची वाट बुजली असेल, तर हाताच्या वाटेने जा." म्हणून आधी हात लावून, मग दोन पावलांवरून, मग जागेवर बसून नुसतं बघत. शनिवारी सतराही आली, दोनदा.

मी मात्र गप्प राहायचे. सुरुवातीला ह्यांचं प्रत्येक वाक्य मीच पुरं करत असे. एकदा कप भिंतीवर फुटला. "माझ्या तोंडात तुझी जीभ नको!" हे ओरडले, आणि मग लेकरासारखे रडले. तेव्हापासून पहाटे स्तोत्र वाचून झालं की मी देवाला शब्द देते, आज ह्यांचा शब्द मी बोलणार नाही. रोजच्या रोज द्यावा लागतो, कारण मोह रोजचाच आहे.

सोमवारी आम्ही बायका सभाघरामागच्या स्वयंपाकाच्या छपरात होतो. आठ-दहा पावलांवर सगळे पुढारी दिसत होते. पेनितितो आत जाता जाता थांबला.

"वहिनी, दादाची झोप झाली ना? नाहीतर अंगाला तेल लावून बसलोच आहे मी!"

"तेल पुसून टाका भावोजी, वाया गेलं," मी म्हटलं. आणि पातेल्यावरचं झाकण उचललं.

ह्यांनी चवरी खांद्यावर टाकली. पहिलं नाव सालेवाओंचं. दुसरं. तिसरं. आवाज जुनाच होता, खोल, थोडा घोगरा. बायकांनी भाजी चिरणं थांबवलं. सातवं. आठवं. मी बोटांवर मोजत होते आणि त्याच हातात पातेल्याचं झाकण आहे हे विसरले. बाराव्या नावाला ते सुटलं. दगडावर आपटून गोल गोल फिरत राहिलं.

ह्यांनी डोळे मिटले. कपाळाची शीर उभी राहिली.

तेरावा खांब म्हाताऱ्या लेमानाचा. गावातला सगळ्यांत मानी माणूस. तो समोर बघत आपल्या नावाची वाट पाहत बसला होता. हे त्याच्याकडे पाहत होते आणि ओठ नुसतेच हलत होते. एक श्वास झाला. दोन झाले. पेनितितोने मांडी बदलली. लेमानाची हनुवटी वर गेली.

नाव माझ्या जिभेवर होतं. पुटपुटले असते तरी पोचलं असतं. झाकण माझंच पडलं होतं ना, मग भरून कोणी काढायचं? देवा, एवढ्या एका वेळेला, असं मी म्हटलं, आणि त्याच वेळी पदराचं टोक दातांत घट्ट धरलं.

हे उठले.

चालू भाषणात, बसलेल्या पुढाऱ्यांसमोर, उभं राहतं का कोणी? माझ्याशेजारच्या बाईने "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. हे कमरेत वाकून, माफी मागत, मधली चटई ओलांडून गेले. थेट लेमानाच्या डोक्यावरून हात नेला आणि खांबाला तळवा टेकला.

"लेमाना," ते म्हणाले, आणि पुढे त्याच्या घराण्याची सगळी बिरुदं, एकही न गाळता. मग तसेच वाकून जागेवर आले. चौदा. पंधरा. सोळा. सतरा.

 शेवटी सालेवाओ म्हणाले, "नावं पुरी झाली. बाकीचं सोडून देऊ. आजारी माणूस आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मान खाली गेली होती.

"आजारी?" लेमाना कडाडला. "माझ्या डोक्यावरून हात नेला! सतरा नावं घेणारा माणूस आजारी कसा? आजारी असेल तर चवरी काढून घ्या, आणि वक्ता असेल तर दंड करा! एक डुकरीण. आजच!"

सालेवाओंनी एकेका खांबाकडे पाहिलं. पेनितितोपाशी नजर थांबली. तो बराच वेळ चटई न्याहाळत होता.

"दंडच करा," तो म्हणाला. "आणि बारीक आणलीस ना दादा, तर परत पाठवू."

सभेत हसू पिकलं. ह्यांनी मान वर केली.

डुकरीण बांधायला हे स्वतः आले, डोळ्यांवर अर्धं फडकं ओढून. डोकं फुटत असणार.

"ते आण गं," हे म्हणाले. "ते... बांधायचं."

दोर माझ्या मागेच खुंटीला होता. मी तशीच उभी राहिले.

"दोर," हे म्हणाले. "दोर आण. नुसती बघतेस काय?"