ओला भुसा

"बाटल्या गळतात, मामा. दुसरं काय!" डॉक्टरीणबाईंनी मेमो टेबलावरून पुढे सरकवला. "सहा पिंजरे रोज ओलेचिंब. 'निष्काळजीपणा' असं लिहावं लागलं मला. सही करा."

प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे सत्तावीस वर्षे साफ करत आलेल्या मामांनी मेमो शांतपणे वाचला, त्याची घडी घातली आणि तो परत केला.

"नाही करणार, बाई."

"का?"

"खोटं आहे म्हणून."

चाचणी होती ती अंगदुखीवर घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या एका गोळीची. तिची मधली मात्रा घेणाऱ्या सहा उंदरांच्या रक्ताचे आकडे निर्दोष आले होते. ही मात्रा मूत्रपिंडाला सुरक्षित आहे, असा अहवाल आठवड्याने जायचा होता. भिजत होता तो नेमका त्याच सहांखालचा भुसा. ह्याचे कारण बाईंच्या मते बाटलीत होते, मामांच्या मते उंदरात. आणि मामांची शाळा सातवीत सुटलेली असल्यामुळे पहिले कारण शास्त्रीय ठरले होते.

"तीन दिवसांपूर्वी बाटल्यांची अदलाबदल केली मी," मामा म्हणाले. "ह्यांच्या बाटल्या गोळी न दिलेल्या सहांना, त्यांच्या ह्यांना. बाटली गळकी असती तर ओल तिच्याबरोबर गेली असती की नाही?"

"मग?"

"जागची हलली नाही. ह्याच सहांखाली आहे. पाणी ढोसतात आणि मुततात, बाई. ते दुसरे कोरडे ठणठणीत."

"मला न विचारता केलंत?"

"विचारलं असतं, तर तुम्ही नव्या बाटल्या मागवल्या असत्या."

बाईंनी हसू दाबले. "पण रक्त ठीक सांगतंय, मामा!"

"रक्ताला उशिरा कळत असेल. भुशाला आधी कळलं."

बाईंनी रक्ताचे आकडे पुन्हा एकदा चाळले. मग हलकेच म्हणाल्या, "मूत्रपिंडं बघायची तर सहाही कापावे लागतील."

हे मामांना ठाऊक होते. ते सहा पिंजरे त्यांनी स्वतःच्या हातांनी, एकेक करून आणून दिले.

चार दिवसांनी बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. "लावा डोळा."

गुलाबी रंगात मध्येच एक फिकट, विझलेला पट्टा दिसला.

"लघवी घट्ट करणारा भागच मेलाय. सहापैकी पाचांत."

"आणि सहावा?"

"त्यात सुरुवात आहे."

"म्हणजे बाटल्या..."

"बाटल्या धडधाकट आहेत, मामा!" बाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की पलीकडच्या खोलीतल्यांनी माना वर केल्या. मेमोचे त्यांनी सर्वांदेखत चार तुकडे केले. अहवालातला 'सुरक्षित' हा शब्द खोडून त्यावर 'हानिकारक' लिहिले, आणि निरीक्षकाच्या सहीचा रकाना मामांपुढे धरला.

"इथं? मी?"

"पाहिलं कोणी? मी तर नव्हतं पाहिलं."

हजेरीपटावर मामा नुसती आद्याक्षरे गिरवीत. आज त्यांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहायला घेतले. काना, मात्रा, वेलांटी, सारे जागच्या जागी बसवायला त्यांना चांगलाच वेळ लागला. आणि तोवर डॉक्टरीणबाई, त्यांना खुर्ची देऊन, उभ्या राहिल्या.