ओल्या फडक्यामागचा धूळमापक

मित्रांनो, मखमलाबादच्या एका शाळेच्या गच्चीवर गंजलेली पत्र्याची पेटी दिसली, तर तिला पाण्याची मोटर समजू नका. तो मी. मी एक जुना धूळमापक आहे आणि आता फार दमलो आहे.

माझं काम साधं. पोटातला पंखा बाहेरची हवा ओढतो आणि तोंडाशी लावलेल्या पांढऱ्या कागदावर धूळ-धूर अडकतो. संध्याकाळी कागद लावायचा, सकाळी सहाला काढायचा. कागद जितका काळा, तितकी हवा वाईट. मी नवा आलो तेव्हा माझा रंग पोपटी होता. मला हार घातला होता. त्या हाराचा दोरा अजून माझ्या पायाला आहे, तेवढाच काय तो मान उरला.

आषाढात मला सुट्टीच असते. त्र्यंबकच्या डोंगरांवरून पाऊसवारा येतो आणि सगळं धुऊन काढतो. वैशाखात धुळीने कागद तांबूस होतो, पण वारा ती धूळ पुढे ढकलतो. खरी परीक्षा मार्गशीर्ष-पौषात. आमचं गाव डोंगरांच्या कुशीत, खोलगटात बसलेलं. गार हवा उतारावरून खाली येते आणि गोदावरीच्या काठी ठाण मांडते. वर उबदार हवेचं झाकण पडतं. मग गाड्यांचा नि कचऱ्याचा धूर जाणार कुठे? त्यात पारा उतरला, की दिंडोरीकडचे बागायतदार द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत ओला पालापाचोळा पेटवतात. वर्षभराची मेहनत वेलीवर लटकलेली, त्यांना तरी बोल कसा लावू? पण ऊन चढेपर्यंत तो धूर हलत नाही.

म्हणून विज्ञानाच्या हिरामण सरांनी नियम केला होता. कागद काळा निघाला तर खो-खोचा सराव दहाला. पांढरा निघाला तर साडेसहाला. सरांचे गुडघे कुरकुरायचे, त्यामुळे कागद लावायचं आणि काढायचं काम शिपाई वत्सलाबाईंकडे. त्यांची लेक चैताली आठवीत होती आणि खो-खोच्या संघात होती. धावायला वाऱ्यासारखी, पण छातीने नाजूक. दप्तरात कंपासपेटीशेजारी दम्याचा पंप असायचा.

वत्सलाबाईंचा माझ्यावर जीव होता. अंगणात घालतात तसा सडा त्या माझ्याभोवती घालायच्या. गेल्या पौषात धुराने त्यांचेही डोळे चुरचुरत होते. एका संध्याकाळी त्यांनी तोंडाला बांधलेला रुमाल सोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लय खोकलास रे बाबा," त्या म्हणाल्या. "आम्ही तोंड बांधतो, तुला कोन हाय?"

त्यांनी जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून माझ्या तोंडावर घट्ट बांधलं. बारा वर्षांत मला एवढी माया कुणी लावली नव्हती. आणि त्याच मायेने माझा घात केला. सगळा धूर फडक्यात अडकला. सकाळी त्यांनी फडकं सोडून धुतलं आणि कागद खाली नेला. कागद पांढरा!

सर खूश झाले. "बघा, हवा सुधारली!" चार दिवस हेच चाललं. मुलं साडेसहाला मैदानावर. मला सगळं कळत होतं, पण सांगू कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

पाचव्या सकाळी रामशेजचा डोंगर दिसतच नव्हता. चैताली खांबाला शिवली आणि तिथेच खाली बसली. श्वास आत जाईना. पोरं ओरडली, "सर, चैताली!" पंप दप्तरात, दप्तर वर्गात. वत्सलाबाई गच्चीवरून धावत सुटल्या. त्यांच्या हातात अजून ते ओलं, काळं फडकं होतं.

चैताली दवाखान्यात तीन दिवस होती. ती वाचली, मित्रांनो. चौथ्या दिवशी हिरामण सर गुडघे धरत, एकेक पायरी चढून वर आले. वत्सलाबाईंनी ते फडकं त्यांच्यापुढे धरलं.

"मीच बांधलं व्हतं, सर. कागद ह्याच्यामुळंच पांढरा निघायचा. मला वाटलं, ह्याला बी तरास व्हत आसंल."

सरांनी ते फडकं हातात घेतलं. मग म्हणाले, "चूक माझीपण आहे, वत्सलाबाई. डोळ्यांना झोंबत होतं, तरी मी कागदावरच विश्वास ठेवला."

त्या संध्याकाळी वत्सलाबाईंनी नवा कागद लावला आणि माझं तोंड उघडं ठेवलं. सकाळी तो काजळीसारखा निघाला. तो बघून त्या रडल्या, पण खाली नेऊन फळ्याशेजारी टाचून आल्या. सराव दहाला झाला.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला पुसा, झाका, जपा. मी म्हातारा झालो, तरी माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. मला काळं होऊ द्या. माझा कागद पांढरा हवा असेल, तर फडकं माझ्या तोंडावर बांधू नका. तुमच्या दारातला कचरा तेवढा पेटवू नका. चैताली आता पुन्हा धावते. तिचा श्वास मला इथवर ऐकू येतो, आणि मी तो रोज सकाळी मोजतो.