अर्धलीची लेक

सटवाची मेंढरं तेव्हा वडवणीच्या शिवारात, सुंदररावांच्या रानात बसली होती. मेंढरांनी रात्री रानात बसून खत द्यायचं आणि रानमालकानं धान्य द्यायचं, हा जुना व्यवहार. चार रात्री झाल्या की पुढचं रान. पाटोद्याकडं त्यांचं घर होतं, पण वर्षातले आठ महिने त्याला कुलूपच.

असं फिरतं बिऱ्हाड शोधणं म्हणजे खायचं काम नाही. तरी उज्ज्वला मॅडम भर उन्हात विचारत विचारत आल्या. आदिवासी आणि भटक्या घरांतल्या मुलामुलींच्या कॉलेजाचा खर्च उचलणाऱ्या पुण्याच्या एका ट्रस्टच्या त्या. सटवाची योगिता त्याच आधारावर अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि पुढच्या मदतीसाठी आईबापाची भेट घ्यायची होती.

सटवाच्या बायकोनं, रतनबाईनं, लिंबाखाली घोंगडं अंथरलं, चहा दिला. बोलत होता तो सटवाच. तिच्या पोटात मात्र दोन वर्षांचा एक प्रश्न होता, तो काढायची छाती होत नव्हती. मॅडम कागद आवरायला लागल्या तेव्हा कुठं तोंड फुटलं.

"म्याडम, आमच्या पोरीची अर्धल कवा फिटंल?"

मॅडमना काही कळेना.

"आमच्यात मेंढी दुसऱ्याला सांभाळाया देत्यात, तिला अर्धल म्हणायचं," रतनबाई म्हणाली. "निम्मी पिल्लं सांभाळणाऱ्याची. मुदत होईस्तोवर मालकानं तिला माघारी हाक मारायची न्हाई. लई वंगाळ असतंय ते. तुमी पोरीला खाऊ घातलं, शिकवलं. मग म्या कोणत्या तोंडानं तिला बोलवू?"

"येडी का खुळी गं तू!" सटवा हसला.

रतनबाई खुळी नव्हती, शब्दाची पक्की होती, आणि पक्क्या माणसाचीच अशी फसगत होते. अंबाजोगाई काही लंकेत नव्हती. दोन दिवाळ्या तिनं लेकीकडं जायला पिशवी भरली आणि पुन्हा रिकामी केली. फोनवर "जेवलीस का" विचारायचं, "बरं, ठेव" म्हणायचं, की झालं. दिवसभर जाळीत कोंडलेली कोकरं संध्याकाळी सोडली, की एकेक मेंढी वास घेत आपलं पोर बरोबर हुडकायची. तेवढा वेळ रतनबाई दुसरीकडं तोंड करून बसे. तिला लेकीची फार, फार आठवण येई.

"मावशी, आमचा कसलाही हक्क नाही," मॅडम म्हणाल्या. "पोरगी सगळीच्या सगळी तुमची आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "सुट्टीत ती वसतिगृहातच राहते. मी कारण विचारलं, तर म्हणाली, आई कधी ये म्हणतच नाही. शिकायला गेले म्हणून रागावली असेल."

"आगं माझ्या बाई!" रतनबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती रडायला लागली.

सटवानं लेकीला फोन लावून तिच्या हातात दिला.

"योगे, ये."

"कावून? काय झालं? बा बरा हाय ना?"

"समदी बरी हायेत. मला तुला बघायचंय. नुसतीच ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "परीक्षा हाय गं आई. पंधरा दिवसांनी येते. तवा तुमी कुठं असाल?"

रतनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. शिवारातला पाला संपला होता, उद्या सकाळी बिऱ्हाड हलायचं होतं. पंधरा दिवसांनी कोणाचं रान मिळेल ते देवाला ठाऊक. सटवानं 'ठाऊक न्हाई' अशी मान हलवली.

"हितंच," रतनबाई फोनमध्ये म्हणाली. "वडवणीला उतर. सुंदररावाच्या रानातला लिंब कुणालाबी विचार."

"आगं, पंधरा दिवस मेंढरं हितं काय माती खातील का?" सटवा म्हणाला.

"मेंढरं तुमी न्या पुढं," रतनबाई म्हणाली. "म्या हितं बसते."