बावचीचं पथ्य

...बावचीचं एक बी अंगठ्याच्या नखाखाली शिरून बसलं होतं, काळं, चपटं, मुगापेक्षाही लहान, आणि गंगाधरपंत ते काढायचं सोडून त्याचा वास घेत बसले होते. कडवट, तेलकट, उग्र वास. हात कितीही धुतले तरी बोटांतून जात नाही; लीलाची आई तर म्हणते की तुम्ही वाढलंत तर वरणालाही बावची लागते. मांडीवर सूप, सुपात शेरभर बावची, बाहेर सोलापुरातल्या शुक्रवार पेठेची रोजची सकाळ, लांब कुठंतरी गिरणीचा भोंगा. खडे वेचायचे, पोचट बिया फुंकून उडवायच्या. पंचवीस वर्षं हेच चाललंय. नुसतं एवढंच करत बसलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. बिघडलं ते तोंड उघडल्यामुळं.

आज ती येणार होती. मंद्रूपचा एक जण काल बाजारात भेटला, त्यानं निरोप सांगितला: मायाक्का नि तिचा भाऊ उद्या येतायत, घरी असा. घरी असा म्हणे! वैद्य घरी नसेल तर कुठं असेल? पण काल रात्रीपासून पंतांच्या मनात तीन गावांची नावं येऊन गेली होती, जिथं आजच अगदी जाणं भाग आहे असं म्हणता आलं असतं. अक्कलकोटला मेव्हणा आजारी होता. खरोखरच होता, फार नव्हता इतकंच. सकाळी उठून त्यांनी पगडी हातात घेतली, झटकली, आणि परत खुंटीला अडकवली. पळून जायलासुद्धा एक प्रकारचा धीटपणा लागतो, तो आपल्याकडं नाही हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

महाशिवरात्रीच्या पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदा आली. धनगराची बाई, पंचविशीची असेल, अंगानं काटक. दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत कोडाचे डाग, आणि मानेवर एक नुकता फुटू लागलेला. ती खाली मान घालून अंगणात बसली आणि बोलत होता तो तिचा थोरला भाऊ, ज्ञानबा. सासरी हिच्या हातचं पाणी कुणी घेत नाही, नवरा दुसरी करायचं म्हणतोय, सासू म्हणते देवाचा कोप झालाय. पंतांनी ओसरीवरूनच डाग पाहिले. हात उलटा कर, सुलटा कर, झालं. बावची गोमूत्रात भिजवून वाटायची, लेप लावायचा, उन्हात बसायचं, आणि चाळीस दिवस मीठ बंद. त्या दिवशी ओसरीवर दोन वकील बसले होते, पोटाच्या तक्रारी घेऊन, अडकित्त्यानं सुपारी कातरत. ज्ञानबानं विचारलं, "उनात किती येळ बसायचं?"

किती साधा प्रश्न, आणि किती नेमका! शहाण्यातला शहाणा वैद्य हाच प्रश्न विचारील. आणि पंत म्हणाले — मी म्हणालो, दुसरं कुणी नाही, मी — "तुम्हाला उन्हाचं काय मोठं? बसा की हवं तेवढं." वकील हसले. एकाला हसता हसता सुपारीचा ठसका लागला. ज्ञानबाही हसला, मोठी माणसं हसली की हसावं लागतं तसा. वकिलांना आपलं बोलणं आवडलं याचं एक लहानसं सुख पंतांना झालं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत पुरलं होतं. आता ते सुख आठवलं की कानशिलं तापतात.

कारण लीला. तीन वर्षांमागं पोटच्या लेकीच्या घोट्यावर दुअन्नीएवढा पांढरा ठिपका दिसला, तेव्हा हीच बावची, हाच लेप. पण पौषातलं कोवळं ऊन, मागचं अंगण, दार आतून लावलेलं, आणि पंत हातात घड्याळ धरून समोर उभे. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी तीन. जरा लाली दिसली की दोन दिवस बंद, आणि लेप धुऊन त्यावर खोबरेल. पोरगी कंटाळायची, म्हणायची, अण्णा, आणखी थोडं बसते की. तेव्हा हाच माणूस तिच्यावर ओरडला होता की हे बी म्हणजे खेळ नाही, उन्हाशी त्याचं संगनमत असतं, क्षणात कातडं सोलून काढील. ठिपका गेला. लीला पुण्याला नांदते आहे आणि सासरी कुणाला ठाऊक नाही... म्हणजे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, मिनिटागणिक कळत होतं. फक्त मेंढरांमागं जाणाऱ्या बाईलाही कातडं असतं एवढंच त्या दिवशी सुचलं नाही.

ती सांगितल्याप्रमाणं वागली. उगवतीला लेप लावायची आणि मेंढरं घेऊन निघायची, ती दिवस मावळेतो उन्हात. फाल्गुनातलं, मंद्रूपच्या माळावरचं, झाडाचं नाव नसलेलं ऊन. बाराव्या दिवशी ती परत आली तेव्हा दोन्ही हातांना एरंडाची पानं बांधलेली होती. पानं सोडली आणि ओसरीवरच्या माणसांनी तोंड फिरवलं. टरारलेले फोड पाहून पंतांना पहिलं ऊनच आठवलं. पण ओसरी भरलेली होती, वकील होते, चार माणसांत वैद्याची जीभ कशी अडखळणार? ती अडखळली नाही. त्यांनी विचारलं, "मीठ खाल्लंस?"

बाई पानं परत गुंडाळू लागली. मग हळूच म्हणाली, भावाच्या घरी जत्रेला गेले होते, बकरं पडलं होतं, वाटीभर रस्सा घेतला. बस्स. पंतांना दोरी सापडली आणि पंत वर चढले. पथ्य मोडलं की औषध उलटतं, जिभेचे लाड करायचे आणि वैद्याकडं धावत यायचं, अशानं कसं व्हायचं... पाव घटका बोलत होते. त्यांचा आवाजही त्या दिवशी छान लागला होता.

खरी गोष्ट अशी की तेव्हा त्यांनी स्वतःचीसुद्धा समजूत घातली होती. कोडात मीठ वर्ज्य आहे, पोथीत आहे. फोड येतात हेही पोथीत आहे. मग आपलं चुकलं कुठं? या पोथीवर डोकं टेकून ते दोन आठवडे बरे झोपले. आणि मग तो चिनी आला.

पाठीवर रेशमी कापडाचं गठुडं घेऊन हिंडणारा तो चिनी वर्षातून एकदा सोलापुरात यायचा. लीलाच्या आईनं त्याचं कापड नुसतं हाताळून परत केलं आणि भरपाई म्हणून त्याला प्यायला पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याची नजर सुपाकडं गेली. त्यानं एक बी उचललं, दातांत फोडलं, थुंकलं, आणि गावचं माणूस परमुलखात भेटावं तसा हसला. मोडक्या हिंदुस्थानीत तो सांगत बसला. त्याच्या चुलत्याचं झाडपाल्याचं दुकान होतं, भिंतभर लाकडी खण, त्यातल्या एका खणात हेच बी. म्हाताऱ्यांची कंबर धरली, गुडघे गार पडले, तर हे देतात. पहाटे उठल्या उठल्या ज्याला परसाकडं पळावं लागतं त्याला हे. अंथरूण ओलं करणाऱ्या पोराला हे. आणि कातडं पांढरं पडलं तर दारूत मुरवून वरून चोळायला हेच. पंत खुलले. पंचवीस वर्षांत बावचीवर बोलायला असं माणूस भेटलं नव्हतं. त्यांनी मोठ्या ऐटीत विचारलं की मिठाचं पथ्य तुमच्याकडं किती दिवस? चिनी गोंधळला. मग म्हणाला, "नमक? नमक का पानी डालके तो भूनता हम." मिठाच्या पाण्यात भिजवायचं, मग भाजायचं, म्हणजे बी अंगी लागतं. भिण्यासारखं काही असेल तर ऊन, असं म्हणून त्यानं दुकानासमोरच्या बाकाची गोष्ट सांगितली. चोळून झाल्यावर चुलता माणसाला त्या बाकावर बसवायचा आणि स्वतः चिलीम पेटवायचा. चिलीम विझली की माणूस आत.

चिनी निघून गेला आणि पंतांची झोपही गेली. त्यांनी हरतऱ्हेनं वाद घातला. त्यांचं खायचं औषध, आपला लेप. त्यांचा मुलूख निराळा, प्रकृती निराळी. सगळं पटण्यासारखं होतं आणि एकही पटत नव्हतं. कारण त्या चिलमीच्या शेजारी लगेच आपलं घड्याळ दिसायचं, आणि घड्याळामागून वकिलांचं हसू ऐकू यायचं...

दुपारी बाराच्या सुमाराला ते आले. आज ओसरीवर कुणी नव्हतं, तेवढीही सबब देवानं ठेवली नव्हती. मायाक्का ओळखू येईना, इतकी वाळली होती. हातांवर जुन्या फोडांचे काळे वण, मधूनच गुलाबी, कच्ची कातडी, आणि लेप चोळणाऱ्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती. चाळीस दिवस केव्हाच उलटले होते, पण पथ्य मोडल्याचा दंड म्हणून तिनं मीठ सोडलं ते सोडलंच होतं. ज्ञानबा सांगत होता, मेंढरांमागं चालता चालता चक्कर येऊन पडते. दोनदा पडली. सासूनं गावभर केलंय की वैद्यानं चांगलं औषध दिलं होतं, हिच्या हावऱ्या जिभेनं घालवलं. नवऱ्यानं पोरगी पाहून ठेवली आहे.

मग ती पहिल्यांदा आपण होऊन बोलली. बरोबर आणलेली घोंगडी तिनं ओसरीच्या कडेला ठेवली. तिनं स्वतः लोकर कातली होती, त्या हातांनी. म्हणाली, "चुकले मी, वैद्यबुवा. माफी द्या."

पंतांच्या ओठांशी सगळं आलं होतं. एक वाक्य, चार-पाच शब्दांचं. त्यांनी तोंड उघडलं आणि आपल्याच तोंडून ऐकलं, "बरं, बरं. आजपासून मीठ खा." वाटेतल्या भिकाऱ्याला भाकरी द्यावी तशा आवाजात! बाईचं तोंड असं उजळलं की बघवेना. तिनं ओसरीच्या पायरीला डोकं टेकवलं. ज्ञानबानंही टेकवलं. पंतांनी वणांवर लावायला शतधौत घृत दिलं, उन्हात निघताना हात झाका म्हणून सांगितलं, दूध सांगितलं, सगळं सगळं सांगितलं. त्या चार-पाच शब्दांखेरीज सगळं.

ती गेली आणि जेवायचं पान वाढलं गेलं. आमटीचा पहिला घास तोंडात गेला, त्यातलं मीठ जिभेला लागलं, आणि पंत पानावरून उठले. लीलाची आई विचारत राहिली. कधी नव्हे ते भर दुपारी, पगडी न घालता, ते मोटारी सुटायच्या त्या सात रस्त्याकडं निघाले. वाटेत दोघा-तिघांनी नमस्कार केला. कुणी रोग्याला बघायला चाललेत असं वाटलं असेल. वाटू दे. मी कसा चाललोय हे माझं मला माहीत आहे...

मंद्रूपवरून जाणारी विजापूर रस्त्याची मोटार अजून भरायची होती. भावंडं कडुलिंबाखाली बसली होती, फडकं सोडून, भाकरी काढून. पंतांना बघून दोघं गडबडीनं उठू लागली. बसा, बसा, असं म्हणून त्यांनी हात केला, आणि उभ्या उभ्याच, धापा टाकत, एका दमात सांगून टाकलं.

"मिठानं झालं नाही ते. तू खाल्लंस त्यानं काही झालं नाही. उन्हात किती बसायचं ते मी सांगितलं नाही. चूक माझी आहे."

मायाक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग हसली. लेकराची समजूत काढताना बाया हसतात तशी. म्हणाली, "असं म्हणू नगा. तुमी मोठ्या मनाचं हाय, म्हणून म्हणताव. मीच खाल्लं की."

आणि पंतांना सुटल्यासारखं झालं.

छातीवरची धोंड कुणी अलगद उचलावी तसं. सांगितलं; झालं; तिला पटत नाही तर आपण काय करणार? आता घरी जावं, पान अजून झाकून ठेवलं असेल. एवढा विचार होऊनही गेला, आणि मगच त्यांना कळलं की आपल्याला हायसं वाटलंय. ती गुन्हा आपल्याकडंच ठेवून घेते आहे आणि मला हायसं वाटतंय. आजवरची सगळी लाज एका बाजूला आणि ही एका बाजूला.

ज्ञानबा हसला नव्हता. तो बहिणीकडं बघत नव्हता, पंतांकडंही नाही, हातातल्या भाकरीकडं बघत होता. मग म्हणाला, "मी इचारलं हुतं तवा. किती येळ म्हून." एवढंच. आवाज चढला नव्हता. मायाक्कानं त्याला कोपरानं ढोसलं आणि गप बस म्हणाली, आणि पंतांकडं ओशाळून बघितलं, भावाच्या वतीनं.

तिनं फडक्यातून मिठाचा खडा काढला, भाकरीच्या तुकड्यावर चुरला, पण तुकडा तोंडाशी नेता नेता थांबली. खाऊ ना, असं डोळ्यांनीच विचारत. आणि पंतांची मान हलली. खा म्हणून. या मानेला दुसरं काही येतच नाही का?

तिनं खाल्लं. डोळे मिटून, हळूहळू. मोटारवाला विजापूर, विजापूर म्हणून ओरडत होता. अजून पाच-सहा माणसं तरी यायची होती. परत सांगायला हवं, पंतांना वाटलं. तिला पटेपर्यंत सांगायला हवं, वकील हसले ते सांगायला हवं, आणि घड्याळाचं, आणि लीलाचंसुद्धा, नाव घेऊन. तिच्या सासूला जाऊन सांगायला हवं, मंद्रूपच्या भर बाजारात. आणि हे उभ्यानं सांगून भागणार नाही. उभ्यानं सांगितलेलं सगळं तिला दान वाटतं. खाली बसायला हवं, त्या धुळीत, तिच्या हाताला हात लागेल इतक्या जवळ. सात रस्त्यावर ओळखीची निम्मी पेठ हिंडत होती. ज्ञानबानं आता मान वर केली आणि तो पहिल्यांदाच सरळ त्यांच्या तोंडाकडं बघू लागला. त्या नजरेपुढं पंत उभे होते, आणि आपले गुडघे वाकतात की नाही याची, दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यांची पाहावी तशी, वाट बघत होते.